मेस्तांची रेघ

मेस्त चाक तपासायला बसले की आधी सगळ्यांची तोंडं बंद करायचे. ट्रकचं इंजिन बंद, चहाच्या गाड्यावरचा रेडिओ बंद, कुणाला खोकला आलाच तर त्याने लांब जाऊन खोकायचं. मग ते डोळे मिटायचे आणि हातातल्या छोट्या हातोडीने रिमवर टिक, टिक करत सावकाश गोल सरकायचे. धड रिम घुमायचं. कुठे तडा असला की तेवढ्या जागी आवाज बसायचा. आम्हाला दोन्ही आवाज सारखेच वाटायचे. "बोललं बघा," असं म्हणून मेस्त डोळे न उघडताच तिथे खडूने फुली मारायचे. मग रॉकेलने ती जागा पुसली की केसाएवढी चीर दिसायची, नेमकी फुलीखाली. एकदा एका घाईतल्या ड्रायव्हरने मध्येच हॉर्न मारला. मेस्तांनी त्याला शिवी दिली नाही, काही नाही. उठले, पाणी प्याले आणि पुन्हा पहिल्या चाकापासून सुरुवात केली. दहा चाकांचा ट्रक होता. त्या ड्रायव्हरने नंतर जन्मात त्यांच्यासमोर हॉर्न मारला नसेल.

आमच्या गोव्यात सुतार, गवंडी, मेकॅनिक, सगळे मेस्तच. पण डिचोली तालुक्यात सुर्ल्याच्या बाजूला नुसतं 'मेस्त' म्हटलं की ते हेच, गडहिंग्लजकडून आलेले. खरं नाव मला बरीच वर्षं माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यावं असंही कधी वाटलं नाही. याचीही आता लाज वाटते. खनिजाचे ट्रक जायचे त्या रस्त्याच्या कडेला, काजूच्या झाडाखाली चार पत्र्यांची त्यांची शेड होती. अंगावरचा बनियन मूळचा पांढरा होता असं ते स्वतः सांगत. खाणीच्या मातीने रस्ता, झाड, शेड, मेस्त, सगळं एकाच तांबड्या रंगाचं झालं होतं. सकाळी चहात उंडो, म्हणजे इथला गोल पाव, बुडवून खायचे. गावाकडच्या भाकरीची आठवण कितीही काढली तरी तीस वर्षांत त्यांचा तो उंडो काही सुटला नाही.

गोवा राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी चहाच्या गाड्यावर कोकणी की मराठी हा वाद अधूनमधून पेटायचाच. दोन्ही बाजूंचे लोक मेस्तांना आपल्याकडे ओढायला बघायचे. मेस्त म्हणायचे, "मी कोल्लापुरी बोलतोय, तुमी कोकनी बोलताय, आनि गेली तीस वर्सं एकाचं बी चाक निखळलं न्हाई. मग भांडताय कशापायी?" यावर दोन्ही बाजू हसायच्या आणि पुन्हा भांडायला लागायच्या.

मेस्तांची खरी ओळख म्हणजे त्यांची रेघ. चाक वाजवून झालं, मनाला पटलं, नट पान्याने आवळून झाले, की ते पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडायचे. माडाच्या झावळीची हीर त्यात बुडवून प्रत्येक नटापासून रिमपर्यंत एक बारीक रेघ ओढायचे. नट तसूभर जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसणार, एवढाच तिचा उपयोग. पण मनाला पटलं नाही तर मेस्त रेघ मारत नसत, आणि हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे हळूहळू ती रेघ म्हणजे मेस्तांचा शब्दच झाला. भरलेला ट्रक घेऊन निघणारा ड्रायव्हर आधी वाकून रेघ बघायचा. बायका नवऱ्यांना डबा देताना विचारायच्या, "रेग आसा मरे?" कुठल्याही कागदावर कुणी कधी लिहून दिलं नव्हतं, पण सुर्ल्यात रेघ नसलेल्या गाडीत कुणी पाय ठेवत नसे.

माझी टोचनची गाडी होती. म्हणजे एक पिकअप, तिच्या मागे लोखंडी घोडा आणि हुक. बंद पडलेल्या गाड्यांची पुढची चाकं उचलून त्या ओढत आणायच्या हा माझा धंदा. राहायला डिचोलीत, काम पेडण्यापासून साखळीपर्यंत. मेस्तांचं आणि माझं चांगलं जमायचं. माझी लोखंडी चाकं ते दर पंधरवड्याला वाजवायचे. मी कंटाळलो की म्हणायचे, "अवो बाब, तुमची गाडी दोन गाड्यांचं वझं वढतीया. तुमी कंटाळला तर चालंल, चाकानं कंटाळून न्हाई चालायचं." एकदा माझं एक रिम खड्ड्यात आपटून कडेला चेपलं होतं. मी ते ठोकून सरळ करा म्हणून मागे लागलो. मेस्तांनी ते माझ्या देखत हातोड्याने पार वेडंवाकडं करून टाकलं, म्हणजे मला ते परत बसवताच येऊ नये. त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावून गेलो आणि चार दिवसांनी दुसरं रिम घेऊन मुकाट्याने परत आलो.

मग पेडण्याच्या किनाऱ्यावर हॉटेलं वाढली आणि माझी अक्कल फिरली. तिथल्या गाड्या बंद पडल्या की मला बोलावणं यायचं. त्या दिमाखदार गाड्यांपुढे माझी पिकअप फारच दरिद्री दिसते, असं मला वाटू लागलं. नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती. म्हापशाला एकाकडे जुनी अलॉयची चाकं विकायला होती, चार, चकचकीत, पाच पाच पाकळ्यांची. भोकं माझ्या गाडीला जुळत होती. मी ती उचलून आणली आणि नव्या नवरीचे दागिने दाखवावेत तशी मेस्तांपुढे मांडली.

मेस्तांनी एक चाक उलटं करून मांडीवर घेतलं, चष्मा लावला आणि आतल्या बाजूला उठवलेले आकडे वाचले. "ह्यो बघा," म्हणाले, "एका चाकानं किती किलो पेलायचं त्ये हितं लिवलंय. ही बायकापोरं घिऊन फिरायच्या गाडीची चाकं हाईत. तुमी मागं अख्खी गाडी टांगनार. तिचं निम्मं वजन ह्या मागच्या दोघांवर. आनि खड्ड्यात आदळली की त्येच्या दुप्पट."

"म्हणजे अलॉय कमजोर असतं?" मी जरा चिडूनच विचारलं.

"कमजोर कोन म्हनलं? ह्येच्यातबी जड कामाची चाकं मिळत्यात, ठोकून केल्याली. ती आना, मी सोता बसवून दीन. ही वतीव हाईत, आनि जुनी. कुठं आपटल्यात कुनाला ठावं?" मग चाकावरून हात फिरवत म्हणाले, "लोखांड आधी वाकतंय, बाब. दमलो, थांबा, म्हनून सांगतंय. ह्ये सांगत न्हाई. ह्ये एकदम मोडतंय."

"वाजवून तर बघा."

माझ्या समाधानासाठी त्यांनी चारही वाजवली. देवळातल्या घंटेसारखा आवाज आला. मी खूश झालो. मेस्तांनी हातोडी खाली ठेवली. "आवाज चांगलाय. पर ह्यो मोकळ्या चाकाचा आवाज. वज्याखाली कसं बोलंल त्ये मला ठावं न्हाई. आनि जे मला ठावं न्हाई त्येच्यावर मी रेघ मारत न्हाई." मी चाकं परत गाडीत टाकली आणि नीट निरोपही न घेता निघालो. म्हातारा काळाच्या मागे पडलाय, असं घरी बायकोला सांगितलं. तीच चाकं दुसऱ्या गॅरेजात बसवून घेतली.

हॉटेलवाल्यांनी चाकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पाहिलं ते सुर्ल्याच्या लोकांनी. जो तो वाकून बघायचा, रेघ नाही म्हणून मान हलवायचा आणि दुसऱ्या टोचनवाल्याला बोलवायचा. महिनाभर मी हे सोसलं. मग एके दिवशी सकाळी घरच्या अंगणात, दाराला रंग देऊन उरलेला पांढरा पेंट घेतला आणि चारही चाकांच्या नटांवर रेघा मारल्या. हीर शोधायचाही कंटाळा केला, ब्रशनेच मारल्या. शीळ घालत मारल्या, हे मला नीट आठवतं.

त्याच आठवड्यात सुर्ल्याच्या शाणूचा निरोप आला. शाणूचे दोन ट्रक होते आणि त्याने नुकतीच एक व्हॅन घेतली होती. ती पेडण्यात कोरगावला त्याच्या बहिणीच्या घरी बंद पडली होती. मी गेलो. शाणू वाकला, रेघ बघितली, तरी मेस्तांनी चाकं बघितलीत ना, हे विचारलंच, "मेस्तान पळयल्यात मरे?" मी म्हणालो, "पळयल्यात. दिसना तुका?" व्हॅन हुकाला लावली. केबिनमध्ये माझ्या शेजारी शाणू आणि त्याची बायको बसली. शाणूचा धाकटा भाऊ रामा, तोही ट्रक चालवायचा, तो मागे त्या उचललेल्या व्हॅनमध्येच बसला. तसं बसू द्यायचं नसतं. पण रेघ बघितल्यावर कुणाला भीती वाटली नाही.

धारगळच्या उतारावर भर दुपारी मागचं डावं चाक मोडलं. आधी हादरा नाही, आवाज नाही, गाडी एका बाजूला ओढली जाणं नाही. एक फटका ऐकू आला आणि पिकअप बसली. मागची व्हॅन फिरली आणि कडेच्या चिऱ्यांच्या गडग्यावर आदळली. मी उतरून पाहिलं तर चाकाच्या पाचही पाकळ्या मुळातून तुटल्या होत्या. टायर आणि बाहेरचा घेर खाली शेतात जाऊन पडला होता. मधला गाभा मात्र जागच्या जागी, पाचही नट घट्ट आवळलेले, आणि त्यांच्यावर पाच पांढऱ्या रेघा, एकही तुटलेली नाही. व्हॅनमधून रामा ओरडत होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली तीन ठिकाणी मोडला होता.

रामा वाचला, पण पाय अधू राहिला. ट्रकच्या ब्रेकवर दाब देणं त्या पायाला पुन्हा कधी जमलं नाही. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता.

दुसऱ्या दिवशी पिकअप डिचोलीला ओढून आणली. सुर्ल्याचे दहा-पंधरा लोक बघायला जमले. एकाच वाक्याची कुजबुज चालली होती, मेस्तांची रेघ असून चाक मोडलं. कुणीतरी मेस्तांना बोलावून आणलं. ते सायकलवरून आले, उकिडवे बसले आणि त्या उरलेल्या गाभ्याकडे बघत राहिले. मग एका रेघेवर त्यांनी अंगठा फिरवला. हिरीने मारलेली रेघ दोऱ्याएवढी असते. ही बोटाएवढी जाड होती. आंधळ्यालाही कळलं असतं, पण बघायला आलेल्या लोकांना रेघ दिसली की जाडी बघायची सवय नव्हती.

शाणूने विचारलं, "मेस्ता, ही रेग तुजी मरे?"

मेस्तांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "ह्यास्नीच इचारा," म्हणाले.

सगळे माझ्याकडे वळले. रामाचा पाय, पंचनामा, धंदा, बायको, सगळं एकदम डोक्यात आलं. मेस्त वाट बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता. चाक वाजवताना ऐकायला थांबायचे तसेच ते थांबले होते.

मी म्हणालो, "हय."

मेस्त उठले. गुडघे झाडले. सायकल घेतली आणि गेले. खोटं बोलल्याच्या लाजेपेक्षा ते काहीच न बोलता गेले याचा आनंदच मला त्या क्षणी जास्त झाला होता. आज हे लिहिताना स्वतःची किळस येते.

त्यानंतर सुर्ल्यातला एकही माणूस मेस्तांशी भांडायला गेला नाही. तोच तर त्रास होता. लोक नुसते जायचे बंद झाले. 'मेस्त म्हातारे झाले, कान गेले त्यांचे,' असं म्हणू लागले. एखाद्याने तोंडावर विचारलंच तर मेस्त म्हणायचे, "ज्येनं सांगायचं त्यो सांगंल." तो 'ज्येनं' कोण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. वर्षभराने काजूखालची शेड रिकामी दिसली. ते गावी गेल्याचं मला चहाच्या गाड्यावर कळलं, आणि मी एक चहा जास्त घेतला. पिकअपला मी पुन्हा लोखंडी चाकं बसवली होती. दर पंधरवड्याला हातोडीने वाजवून बघायचो. काही कळायचं नाही.

पंधरा वर्षं अशीच गेली. उद्या जाऊ, चतुर्थी झाल्यावर जाऊ, पावसाळा सरल्यावर जाऊ. शेवटी एका गाडीच्या निमित्ताने गडहिंग्लजला गेलो, तेव्हा पत्ता विचारत विचारत त्यांच्या गावी पोचलो. मेस्त ओसरीवर बसले होते. वाळले होते, पण मला ओळखलं. "बाब, या," म्हणाले. सून चहा घेऊन आली.

मी मनात सगळं घोळवून नेलं होतं. हळू आवाजात, त्यांच्या जवळ बसून बोलायचं. मी सुरुवात केली, "मेस्ता, ती रेघ..." त्यांनी कानाला हात लावून मान हलवली. सून म्हणाली, "मोठ्यानं बोला. अजाबात ऐकू येत न्हाई त्यास्नी." जो माणूस केसाएवढी चीर ऐकायचा त्याला आता समोरचा माणूस ऐकू येत नव्हता. मी आवाज चढवला. पुन्हा मान हलली. शेवटी मला अक्षरशः ओरडावं लागलं. "मेस्ता, ती रेघ मी मारली होती! मी खोटं बोललो!" समोरच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या. रस्त्यावरचा एक माणूस सायकल थांबवून उभा राहिला. मी पुन्हा ओरडलो, कारण त्यांना पहिल्यांदा नीट ऐकू गेलं नव्हतं. घामाने माझा सदरा भिजला.

ऐकल्यावर मेस्त थोडे हसले. "आवो, त्ये मला ठावं हाय की," म्हणाले. "माज्या हातची रेघ मी वळखनार न्हाई व्हय? मला सांगून काय उपेग? आनि हितं वरडून तरी काय? हितं मला चाकाचा म्हनून कोन वळखतंय? सुर्ल्याला जावा. तितं वरडा."

मी म्हणालो, जातो. पुन्हा ओरडून म्हणालो, जातो. त्यांना ऐकू गेलं, कारण त्यांनी मान डोलावली. निघताना सुनेला माझा फोन नंबर लिहून दिला. मी पाया पडलो तेव्हा मेस्तांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "त्या पोराचा पाय कसा हाय?" पंधरा वर्षांत रामाच्या पायाची चौकशी मी एकदाही केली नव्हती.

आणि मी सुर्ल्याला गेलो नाही. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी जायचं ठरवलं होतं. त्या दिवशी काम निघालं. मग वाटलं, शाणू वारला आहे, खाणी बंद पडल्या आहेत, ट्रक अंगणात गंजत उभे आहेत, आता तिथे कुणाला काय पडलंय? सात महिने मी असली कारणं शोधत होतो. मग एका दुपारी मेस्तांच्या सुनेचा फोन आला. मेस्त आदल्या दिवशी गेले होते. "शेवटी शेवटी इचारत हुते," ती म्हणाली, "गोव्याच्या त्या बाबांचा काय निरोप आला का."

त्याच दुपारी मी सुर्ल्याला गेलो. रस्त्याच्या कडेला रामाचं छोटं दुकान आहे, पंक्चर काढायचं. बसून करता येणारं काम. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, ब्रशपासून त्या 'हय'पर्यंत. दोन-तीन जण ट्यूब बदलायला आले होते, त्यांच्यादेखत सांगितलं. तिथे मला ओरडावं लागलं नाही, सगळ्यांना ऐकू येत होतं. रामा उठून मला मारेल असं वाटलं होतं, आणि मारावं असंही वाटत होतं.

त्याने हातातली ट्यूब पाण्यात दाबून धरली. मग विचारलं, "मेस्त आतां खंय आसा?"

"काल गेले," मी म्हणालो.

रामाने ट्यूब सोडली. आपल्या उजव्या पायाकडे बघत तो म्हणाला, "सोळा वर्सां हांवें सकाळीं उठून, पांय जमनीर तेंकतना, त्या मनशाक गाळी दिल्यो. एक दीस चुकलों ना. आतां त्यो परत घेवपाक हांव खंय वचूं?"